बरणीवरचे नाव : कॅलिफोर्नियातील ‘क्राफ्ट’ गांजाची चढती-उतरती कमान

कॅलिफोर्नियातील परवानाधारक दुकानात गांजा मिळतो तो बहुधा लहानशा बरणीत. आत साडेतीन ग्रॅम, म्हणजे औंसाचा आठवा हिस्सा, इतक्या वाळवलेल्या फुलकळ्या असतात. बाहेरच्या चिठ्ठीवर वाणाचे नाव, प्रयोगशाळेने मोजलेले मादक द्रव्याचे प्रमाण आणि मालाचा क्रमांक छापलेला असतो. साधारण २०१५ नंतर यांतील काही बरण्यांवर आणखी एक मजकूर दिसू लागला. तो म्हणजे ज्या शेतात ते झाड वाढले त्या शेताचे आणि शेतकऱ्याचे नाव. ज्या डोंगराळ मुलुखात चाळीस वर्षे स्वतःचे नाव लपवणे हीच शेतीची पहिली अट होती, तेथील माणसांनी आपले नाव विक्रीच्या मालावर छापू द्यावे, ही घटना वरकरणी दिसते त्याहून मोठी होती. ‘क्राफ्ट कॅनबिस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यापाराचा उदय तिच्यातून झाला आणि त्याची परवडही तिच्याच आसपास घडली.

‘क्राफ्ट’ हा शब्द या धंद्याने बिअरकडून उसना घेतला. मोठ्या कारखान्यांच्या एकसुरी बिअरला कंटाळलेल्या अमेरिकी ग्राहकांसाठी १९८० च्या आसपास लहान भट्ट्या निघाल्या. उत्तर कॅलिफोर्नियातील चिको गावची सिएरा नेवाडा ही त्यांतील एक ठळक भट्टी. थोडा माल, एका वेळी एकच घाणा, करणाऱ्याचा हात आणि चव ओळखू येईल असे उत्पादन, ही त्यामागची कल्पना. स्वयंपाकघरात भज्यांचा पहिला घाणा आणि तिसरा घाणा यांत जसा फरक पडतो आणि तो खाणाऱ्याला कळतो, तसेच काहीसे. गांजाच्या बाबतीत मात्र हा शब्द कायद्याने कुठेही काटेकोर बांधलेला नव्हता. त्यामुळे तो कोणीही वापरू शकत होता आणि पुढे कोणीही वापरलाही.

शब्द आपला, कसबही जुने

मराठी वाचकाला या विषयाची परिभाषा नवी नाही. एकाच झाडाच्या पानांपासून भांग, मादी झाडाच्या फुललेल्या शेंड्यांपासून गांजा आणि त्या शेंड्यांवरील राळेपासून चरस, हा भेद आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. भारताचा १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदाही तोच भेद पाळतो. शेंड्यांविना असलेली पाने आणि बिया त्याने गांजाच्या व्याख्येतून वगळल्या; गांजा व चरस यांवर मात्र कडक बंदी घातली. ‘गांजा’ हा शब्द मूळचा संस्कृतातला. १८४५ पासून जमैकात गेलेल्या भारतीय गिरमिटिया मजुरांबरोबर तो कॅरिबियन बेटांवर पोहोचला.

झाडाविषयीचे मुख्य कसबही पूर्वेला ठाऊक होते. मादी फुलांत बी धरले की झाडाची शक्ती बियांकडे वळते आणि फुलांवरील राळ कमी पडते. म्हणून नर झाडे वेळीच उपटून टाकावी लागतात. ब्रिटिश सरकारने १८९३-९४ मध्ये नेमलेल्या भारतीय हेम्प ड्रग्ज आयोगाच्या अहवालात बंगालमधील नौगाव भागातील या पद्धतीचे तपशीलवार वर्णन आहे. शेतोशेती हिंडून नर झाडे ओळखून काढणारा कुशल माणूस तेथे मजुरीने बोलावला जाई. त्याला ‘परखदार’ म्हणत. त्याच नौगावात १९१७ मध्ये गांजा पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची सहकारी संस्थाही निघाली. सरकारी मक्त्याच्या चौकटीत का होईना, लहान शेतकऱ्यांनी एकत्र येऊन माल विकण्याचा तो प्रयोग होता. शंभर वर्षांनंतर कॅलिफोर्नियाच्या डोंगरात जो प्रश्न उभा राहिला तो मुळात तोच होता. पिकवणारे पुष्कळ आणि लहान, गिऱ्हाईक दूर शहरात. मग मधली वाट कोणाच्या ताब्यात राहणार?

रेडवूडच्या सावलीत

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला महामार्ग १०१ ने काही तास गेल्यावर मेंडोसिनो, हम्बोल्ट आणि ट्रिनिटी या तीन काउंट्या लागतात. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय भाग. या तिन्ही मिळून बनलेल्या प्रदेशाला ‘एमराल्ड ट्रँगल’, म्हणजे पाचूचा त्रिकोण, असे नाव पडले. उंचच उंच रेडवूड वृक्ष, समुद्रावरून येणारे धुके, कोरडा उन्हाळा आणि तीव्र उतार असा हा मुलूख. लाकूडतोडीचा धंदा ओसरू लागला तेव्हा झाडे तोडून झालेल्या जमिनी स्वस्तात विक्रीला निघाल्या. साठच्या दशकाच्या अखेरीस आणि सत्तरच्या दशकात शहर सोडून ‘जमिनीकडे परत’ निघालेल्या तरुण कुटुंबांनी त्या घेतल्या. वीज नाही, रस्ते कच्चे, पाणी झऱ्याचे. भाजीपाल्याबरोबर त्यांनी स्वतःपुरता गांजाही लावला.

स्वतःपुरत्या पिकाचे नगदी पीक होण्यास दोन गोष्टी कारण झाल्या. एक म्हणजे वर सांगितलेले नर झाडे काढण्याचे कसब. कॅलिफोर्नियात ते ‘सिनसेमिया’ या स्पॅनिश नावाने पसरले. त्याचा अर्थच ‘बीविरहित’. दुसरी गोष्ट राजकीय होती. सत्तरच्या दशकात अमेरिकेच्या पाठबळावर मेक्सिकोतील गांजाच्या शेतांवर पॅराक्वाट या तणनाशकाची फवारणी झाली. विषारी मालाच्या भीतीने अमेरिकी ग्राहक मेक्सिकन गांजापासून दूर गेला आणि देशी मालाला चढा भाव मिळू लागला. अफगाणिस्तान व हिंदुकुशकडील बियाणे याच काळात प्रवाशांबरोबर आले. ते झाड ठेंगणे आणि लवकर पक्व होणारे. पावसाळा सुरू होण्याआधी काढणी आटोपायची असणाऱ्या उत्तरेकडील शेतकऱ्याला ते वरदान ठरले.

१९८३ मध्ये राज्य व केंद्र यांनी मिळून ‘कॅम्प’ नावाची निर्मूलन मोहीम सुरू केली. दर उन्हाळ्याच्या अखेरीस हेलिकॉप्टरे डोंगरांवर घिरट्या घालू लागली. १९९० च्या उन्हाळ्यात हम्बोल्टच्या किंग रेंज भागात लष्करी जवानही उतरवण्यात आले. या दडपणाचा परिणाम मात्र उलटा झाला. मोठी शेते दिसून येतात, म्हणून शेते लहान झाली. झाडे जंगलाच्या कडेला, एकमेकांपासून दूर, सावलीच्या आडोशाने लावली जाऊ लागली. बंदीमुळे भाव चढा राहिला. चांगल्या मालाच्या एका पौंडाला काही काळ चार हजार डॉलरच्या आसपास दर मिळे आणि पाच-पन्नास झाडांवर एक कुटुंब चालू शके. ‘छोट्या घाण्याची’ जी परंपरा पुढे अभिमानाने विकली गेली, तिची मुळे आवडीनिवडीत जेवढी होती तेवढीच हेलिकॉप्टरच्या भीतीत होती. या व्यवसायाची गौरवगाथा सांगणारे हा भाग सहसा गाळतात.

आणखी एक भाग गाळला जातो. डोंगरातले सगळेच शेतकरी निसर्गप्रेमी नव्हते. ओढ्यांचे पाणी उन्हाळ्यात परस्पर वळवल्याने कोहो सामन माशांच्या प्रवाहांचे नुकसान झाले. उंदरांसाठी टाकलेल्या विषाने फिशर या दुर्मीळ मांसाहारी प्राण्यांचे बळी गेल्याचे संशोधकांनी दाखवले आहे. पुढे ‘सूर्यप्रकाशात वाढलेला, जमिनीला जपणारा’ अशी जाहिरात करणाऱ्यांना या शेजाऱ्यांपासून आपले वेगळेपण सिद्ध करावे लागले.

हाताचे काम

लहान शेतातील मालात खरोखरच काही वेगळे असते का, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर काढणीनंतरच्या कामात सापडते. ऑक्टोबरच्या सुमारास फांद्या कापून अंधाऱ्या, थंड खोलीत उलट्या टांगतात. खोली फार गरम झाली तर माल दोन-चार दिवसांत वरून वाळतो, आतून ओला राहतो आणि त्याला गवताचा वास येतो. फार दमट राहिली तर बुरशी धरते. दहा ते चौदा दिवसांच्या संथ वाळवणीनंतर कळ्या बंद भांड्यांत भरतात आणि पुढचे काही आठवडे ती भांडी रोज थोडा वेळ उघडून आतली दमट हवा बाहेर जाऊ देतात. लोणचे मुरावे तसा माल मुरतो. या काळात हिरवेपणाचा उग्रपणा जातो आणि मायर्सीन, लिमोनीन, पायनीन यांसारखी सुगंधी द्रव्ये टिकून राहतात. लिमोनीन लिंबाच्या सालीतही असते, पायनीन देवदार-चीडच्या राळेत. शेवटी कात्रीने एकेक कळी सोलून घ्यायची. यंत्राने हे काम झटपट होते, पण कळ्यांवरची राळ झडते. हाताने एक माणूस दिवसभरात पौंड-दोन पौंडच माल साफ करतो. या हंगामी कामासाठी देशोदेशीचे तरुण दर शरदात त्या डोंगरात येत.

म्हणजे शंभर पौंडांच्या मालावर जी निगराणी शक्य आहे ती दहा हजार पौंडांवर त्याच माणसांकडून शक्य नाही. क्राफ्ट म्हणवणाऱ्यांचा दावा एवढ्यापुरता खरा आहे. दुसरा दावा पर्यावरणाचा. बंदिस्त गोदामात दिव्यांखाली गांजा वाढवण्यास अफाट वीज लागते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने अमेरिकेतील एकूण विजेच्या सुमारे एक टक्का वीज या शेतीत जाते, असा अंदाज केला होता. २०२१ मध्ये कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी हिशेब मांडला, की बंदिस्त जागेतील एक किलो वाळलेल्या मालामागे, ठिकाणानुसार, सुमारे २२८३ ते ५१८४ किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते. उघड्या शेतातील सूर्य फुकट आहे. आरोग्याच्या बाबतीत मात्र क्राफ्टने काहीही बदलत नाही. मादक द्रव्य तेच, व्यसनाचा आणि पौगंडावस्थेतील मेंदूवरील परिणामांचा धोकाही तोच. सेंद्रिय खताने वाढवलेला धूर हा शेवटी धूरच असतो.

बाटलीबंद द्राक्षांच्या वाटेने

नोव्हेंबर १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रस्ताव २१५’ मंजूर करून औषधी वापरास वाट मोकळी केली. सॅन फ्रान्सिस्कोत एड्सग्रस्तांसाठी गांजा पुरवणारा क्लब चालवणारे डेनिस पेरॉन हे त्या चळवळीचे प्रमुख. त्यानंतरची वीस वर्षे हा धंदा अर्धवट उजेडात चालला. २००३ मध्ये मेंडोसिनोतील लेटनव्हिल येथे ‘एमराल्ड कप’ ही उघड्यावर वाढवलेल्या गांजाची स्पर्धा सुरू झाली. शेतकरी आपली उत्तम कळी परीक्षकांपुढे ठेवू लागले आणि शेतांना नावलौकिक मिळू लागला. ब्रँडची पहिली पायरी ती होती.

दुसरी पायरी भांडवलाची. फ्लो काना ही कंपनी २०१४-१५ च्या सुमारास आकाराला आली. तिचा संस्थापक मायकेल स्टाइनमेट्झ हा व्हेनेझुएलात जन्मलेला. त्याने शेत घेतले नाही की दुकान काढले नाही. त्याने मधली वाट हाती घेतली. डोंगरातील डझनावारी लहान शेतकऱ्यांकडून माल घ्यायचा, त्याची तपासणी, कात्रीकाम, बांधणी व वाहतूक कंपनीने करायची आणि शहरातील दुकानांत तो एका ब्रँडखाली पण शेतकऱ्याच्या नावानिशी विकायचा. शेतकऱ्याने शेती करावी, बाकीचे आम्ही पाहू, असा हा करार. द्राक्षबागाईतदार आणि वाइनरी यांचे नाते डोळ्यांसमोर ठेवून केलेली ही मांडणी होती. २०१७ मध्ये कंपनीने रेडवूड व्हॅलीतील फेट्झर कुटुंबाची जुनी वाइनरीच विकत घेतली, तेव्हा ती उपमा विटा-चुन्यात उतरली. जेथे १९६८ पासून एका नामांकित वाइनचा जम बसला, तेथे आता गांजा वाळवला, साफ केला आणि बरण्यांत भरला जाणार होता.

कायदाही या वाटेला अनुकूल वाटत होता. नोव्हेंबर २०१६ मध्ये सुमारे ५७ टक्के मतांनी ‘प्रस्ताव ६४’ मंजूर झाला आणि १ जानेवारी २०१८ पासून प्रौढांना कोणत्याही वैद्यकीय कारणाविना गांजा विकण्यास परवानगी मिळाली. नव्या व्यवस्थेत शेतकऱ्याने थेट गिऱ्हाइकाला माल विकायचा नव्हता. परवानाधारक वितरकामार्फत तपासणी होऊनच माल दुकानात जायचा होता. डोंगरातल्या शेतकऱ्यापाशी ना गाडीचा परवाना, ना गोदाम, ना हिशेबनीस. मधला माणूस अपरिहार्य होता. मग तो निदान आपले नाव बरणीवर छापणारा असावा, हा विचार स्वाभाविक म्हणावा लागेल. आडत्याशिवाय बाजार समितीत पाऊल न टाकू शकणाऱ्या आपल्याकडील शेतकऱ्याला हा पेच समजावून सांगावा लागणार नाही.

विक्री सुरू होण्याच्या तोंडावर, ८ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री, रेडवूड व्हॅलीत वणवा पेटला. ३६ हजारांहून अधिक एकर जळाले, नऊ माणसे दगावली. काढणीचा हंगाम ऐन भरात होता. केंद्रीय कायद्याने बेकायदा असलेल्या या पिकाला नेहमीचा पीकविमा मिळत नसे. ज्यांचे उभे पीक जळाले त्यांना ते सोसावे लागले. तरीही उत्साह ओसरला नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये फ्लो कानाने गॉथम ग्रीन पार्टनर्स या गुंतवणूक संस्थेच्या पुढाकाराने १२५ दशलक्ष डॉलर उभे केले. लहान शेतकऱ्यांच्या नावावर चालणाऱ्या ब्रँडसाठी ही प्रचंड रक्कम होती. तिच्यातच पुढची अडचण दडलेली होती. एवढ्या भांडवलावर परतावा द्यायचा तर माल बेसुमार विकला गेला पाहिजे; आणि तो बेसुमार नसणे हेच तर त्याचे विक्रीमूल्य होते.

एका एकराचे छिद्र

‘प्रस्ताव ६४’ मांडताना मतदारांना एक आश्वासन दिले होते. पहिली पाच वर्षे, म्हणजे २०२३ पर्यंत, एक एकराहून मोठ्या शेतीचा परवाना कोणालाही मिळणार नाही. लहान शेतकऱ्याला उजेडात येऊन स्थिरावण्यासाठी ही सवड. नोव्हेंबर २०१७ मध्ये राज्याच्या कृषी खात्याने तातडीचे नियम जाहीर केले, तेव्हा मोठा परवाना त्यांत नव्हताच. पण दहा हजार चौरस फुटांपर्यंतचे ‘लहान’ परवाने एका व्यक्तीने किती घ्यावेत यावर कोणतीच मर्यादा नव्हती. ज्याच्यापाशी पैसा होता त्याने लहान परवान्यांची चळत रचली आणि कागदावर लहान राहून प्रत्यक्षात मोठे शेत उभे केले. कॅलिफोर्निया ग्रोअर्स असोसिएशन या शेतकरी संघटनेने जानेवारी २०१८ मध्ये याविरुद्ध दावा लावला. पुढे तो मागे घेण्यात आला. तोवर सँटा बार्बरा काउंटीत, जेथे पूर्वी फुलशेतीची हरितगृहे होती, तेथे अशा चळतींचे पीक आले होते.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून एक तुलना पुरेशी आहे. ग्लास हाउस या कंपनीने २०२१ मध्ये व्हेंचुरा काउंटीतील कॅमरिओ येथे भाजीपाल्याची हरितगृहे विकत घेतली. त्यांचे छप्पर सुमारे ५५ लाख चौरस फुटांचे. डोंगरातील दहा हजार चौरस फुटांची साडेपाचशे शेते त्यात मावतील.

यावर कराचा बोजा. २०१८ च्या प्रारंभापासून राज्याने फुलांवर औंसाला ९.२५ डॉलर लागवड कर लावला. सोळा औंसांच्या पौंडाला तो १४८ डॉलर होतो. पौंडाला दीड-दोन हजार डॉलर मिळत असताना हा कर सुसह्य होता. २०२१ च्या अखेरीस बाजारात मालाचा महापूर आला आणि उघड्यावरच्या मालाचा भाव काही शे डॉलरवर कोसळला. कर मात्र वजनावर होता, किमतीवर नव्हता. उलट २०२२ च्या आरंभी तो औंसाला १०.०८ डॉलर, म्हणजे पौंडाला १६१ डॉलर झाला. उत्पादन खर्च, काउंटीचा कर, वितरकाचा हिस्सा आणि परवान्याचे शुल्क वजा जाता हातात उणे आकडा उरणारे शेतकरी निघाले. १ जुलै २०२२ पासून राज्याने लागवड कर रद्द केला. अनेकांसाठी तोवर उशीर झाला होता. दुकानातील १५ टक्के उत्पादन शुल्क कायम राहिले. जुलै २०२५ मध्ये ते १९ टक्क्यांवर गेले आणि ओरड झाल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरपासून पुन्हा १५ टक्क्यांवर आणावे लागले.

गिऱ्हाईक कमी पडले याचेही कारण कायद्यातच होते. राज्यातील निम्म्याहून अधिक शहरांनी व काउंट्यांनी आपल्या हद्दीत दुकानांना परवानगी दिली नाही. राज्याबाहेर माल पाठवणे केंद्रीय कायद्याने गुन्हा. म्हणजे पिकवण्यास मोकळीक, विकण्यास नाही. आणि शेजारी विनापरवाना, विनाकर विकणारा जुना बाजार जसाच्या तसा. ज्यांनी परवाना घेऊन नाव जाहीर केले त्यांच्यावर करनिरीक्षक, जलखाते, वन्यजीव खाते आणि काउंटी यांची नजर पडली. ज्यांनी घेतला नाही त्यांच्यावर पूर्वीसारखीच, अधूनमधून पडणारी धाड. प्रामाणिकपणाची ही किंमत डोंगरातल्या लोकांना फार बोचली.

टक्केवारीचा बाजार

बरणीवरील नावाचे काय झाले? दुकानातील बहुसंख्य गिऱ्हाइकांनी ते वाचलेच नाही, असे म्हणणे कठोर वाटले तरी वस्तुस्थितीपासून दूर नाही. त्यांनी वाचली ती टक्केवारी. कायद्याने चिठ्ठीवर मादक द्रव्याचे, म्हणजे टीएचसीचे प्रमाण छापणे सक्तीचे केले आणि तीच मालाची पत ठरली. बंदिस्त खोलीत दिव्याखाली वाढलेल्या कळ्यांचा आकडा साधारणपणे चढा असतो आणि त्या दिसायलाही रेखीव असतात. उघड्यावरची कळी वारा, धूळ आणि ऊन सोसलेली, थोडी काळवंडलेली. तिचा सुगंध कितीही गुंतागुंतीचा असला तरी तो बंद बरणीच्या बाहेर येत नाही आणि कॅलिफोर्नियाच्या दुकानात बरणी फोडून हुंगण्याची सोय नव्हती. आकड्याचे महत्त्व इतके वाढले, की तो फुगवून देणाऱ्या प्रयोगशाळांकडे माल वळू लागला. अखेर जानेवारी २०२४ पासून राज्याने सर्व प्रयोगशाळांना मोजणीची एकच पद्धत बंधनकारक केली. वाइनची प्रत दारूच्या टक्केवारीवरून ठरवली असती तर फ्रान्समधील बागाईतदारांचे जे झाले असते, ते येथे झाले.

फ्लो कानाने २०२१ मध्ये नाव बदलून फ्लो कॅनबिस कंपनी असे घेतले. भाव कोसळल्यावर लहान शेतांवर उभा केलेला तिचा मोठा पसारा टिकवणे कठीण झाले आणि तिला तो आवरता घ्यावा लागला. तिच्यावर विसंबलेल्या शेतकऱ्यांपुढे पुन्हा जुनाच प्रश्न उभा राहिला. या अनुभवाचा ठपका एकट्या कंपनीवर ठेवणे न्यायाचे होणार नाही. २०१९ च्या उत्तरार्धापासून या सबंध उद्योगातील भांडवल आटत गेले आणि बड्या हरितगृहवाल्यांनाही झळ बसली. तथापि एक गोष्ट नोंदवली पाहिजे. बरणीवर शेतकऱ्याचे नाव होते, पण ब्रँड शेतकऱ्याच्या मालकीचा नव्हता. २०२५ च्या आरंभी राज्यातील बंद वा निष्क्रिय झालेल्या परवान्यांची संख्या चालू परवान्यांपेक्षा अधिक झाल्याचे दिसून आले.

मातीचा हक्क

नावाला कायद्याचे कवच देण्याचा एक वेगळा प्रयत्न मात्र टिकून आहे. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने असा कायदा केला, की विशिष्ट प्रदेशाचे नाव मालाला लावायचे तर झाड त्या प्रदेशाच्या जमिनीतच लावलेले असले पाहिजे; कुंडीत नाही, हरितगृहात नाही आणि कृत्रिम प्रकाश तर मुळीच नाही. २०१८ मध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्ग व लगतच्या पट्ट्यातील हापूसला जे भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच जातीची ही तरतूद. किंबहुना अटींच्या बाबतीत अधिक कडक. ‘मेंडोसिनो’ किंवा ‘हम्बोल्ट’ हे शब्द दुसरीकडच्या गोदामातील मालावर छापण्याची सोय तिने बंद होते. पण मानांकन मिळवण्यासाठी माती, हवामान आणि लागवडीचा इतिहास यांची कागदपत्रे तयार करावी लागतात आणि ज्यांना त्याची सर्वाधिक गरज आहे त्यांच्यापाशी त्यासाठी पैसा उरलेला नाही.

कॅनडाचा अनुभव थोडा निराळा. १७ ऑक्टोबर २०१८ पासून तेथे देशभर विक्री कायदेशीर झाली. बंदिस्त जागेत छोट्या घाण्यांनी माल काढणारी व्हँकूव्हर बेटावरील ब्रोकन कोस्ट ही कंपनी तत्पूर्वीच, २०१८ च्या आरंभी, आफ्रिया या बड्या कंपनीने २३० दशलक्ष कॅनेडियन डॉलरना विकत घेतली आणि २०२१ मधील विलीनीकरणानंतर ती टिलरे समूहात गेली. नाव राहिले, मालक बदलला. दुसरीकडे केंद्र सरकारने २०० चौरस मीटरपर्यंतच्या लागवडीसाठी स्वतंत्र ‘सूक्ष्म’ परवाना ठेवला. मार्च २०२५ मध्ये ही मर्यादा ८०० चौरस मीटर करण्यात आली. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०२२ मध्ये लहान उत्पादकांना सरकारी गोदाम टाळून थेट दुकानांना माल देण्याची आणि शेताच्या दारात विक्री करण्याची मुभा दिली. तेथील शेतकऱ्यांचीही ग्रॅममागच्या कराबद्दल तक्रार आहेच, पण मधली वाट निदान काही अंशी त्यांच्या पायाखाली आली.

हम्बोल्ट काउंटीत मार्च २०२४ मध्ये लागवडीवर आणखी निर्बंध घालणारा एक स्थानिक प्रस्ताव मतदानास आला. मोठ्या शेतांना आळा घालण्यासाठी तो आहे, असे मांडणाऱ्यांचे म्हणणे होते. लहान शेतकऱ्यांच्या संघटनेने त्याला कडाडून विरोध केला, कारण त्यातील अटींची झळ आपल्यालाच आधी बसेल अशी त्यांची खात्री होती. मतदारांनी तो मोठ्या बहुमताने फेटाळला. जे शेतकरी अद्याप टिकून आहेत त्यांच्यापैकी काहींनी ब्रँड स्वतःच्या नावाने नोंदवले, काहींनी आपापसांत मिळून वितरणाचा परवाना काढला, काही पर्यटकांना शेत दाखवून चार पैसे मिळवतात. उरलेल्यांच्या डोंगरउतारावर आता टोमॅटो आणि मिरच्या आहेत, आणि काहींच्या दारात जमीन विकाऊ असल्याची पाटी.